शेवटची फट

माझ्या मशीनला बटणं पुष्कळ आहेत, पण कामाची दोनच. एक सुरू करायचं हिरवं आणि एक थांबवायचं लाल. हिरवं मी घाबरत दाबतो आणि लाल घाबरून दाबतो. इतक्या वर्षांत माझी प्रगती म्हणाल तर एवढीच, की मी घाबरलोय हे हल्ली गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही.

नाशिकजवळ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा सीएनसी राऊटर आहे. नाव ऐकून लोकांना ते इंटरनेटचं काहीतरी वाटतं. माझ्या साडूनं तर एकदा ‘आमच्याकडं नेट फार हळू चालतंय, जरा येऊन बघ’ म्हणून जेवायला बोलावलं होतं. मी गेलो, जेवलो आणि तारा हलवून आलो. नेट सुधारलं नाही, पण जेवण चांगलं होतं.

तर हा तो राऊटर नव्हे. डबल बेडपेक्षा मोठं लोखंडी टेबल, त्याच्यावर आडवा पूल, पुलाला लटकलेली मोटर आणि मोटरच्या तोंडात बोटाएवढं धारदार पातं. त्याला आम्ही बिट म्हणतो. टेबलावर लाकूड आवळून बांधायचं आणि कॉम्प्युटरमधून आकडे द्यायचे. पूल पुढं-मागं जातो, मोटर डावी-उजवीकडं सरकते, बिट खाली उतरतं आणि सांगितलं तिथं, सांगितलं तेवढं लाकूड खातं. कपाटाच्या उभ्या बाजूंमध्ये आडवी फळी अडकवायला सरळ खाच लागते, ती पाडायची. फळी हवी तशी वर-खाली करता यावी म्हणून सारख्या अंतरावर भोकांची रांग मारायची. हे माझं रोजचं काम. पूर्वी सुतार हेच पटाशीनं आणि गिरमिटानं दिवसभर करत बसायचे. मी चहा थंड व्हायच्या आत करतो. चूकही चहा थंड व्हायच्या आतच करतो.

पहिली मोठी चूक खाचेची. प्लायवर जी जाडी छापलेली असते ती त्या प्लायची असतेच असं नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी छापील आकडा कॉम्प्युटरला दिला, मशीननं इमानानं तेवढीच रुंद खाच पाडली आणि प्रत्यक्षातली फळी तिच्यात म्हाताऱ्याच्या कवळीसारखी हलायला लागली. कपाट कॉलेज रोडच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडं गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. आवाज एकदम दबका.

“अहो, कपाटात कोण आहे?”

“म्हणजे?”

“मी दार लावलं की आतून कुणीतरी ठोठावतंय.”

फळी होती ती. त्यानंतर मी प्लायची प्रत्येक शीट चार ठिकाणी मोजल्याशिवाय खाच पाडत नाही. बाई मात्र अजून कपाट उघडण्याआधी एकदा टिचकी मारतात म्हणे.

दुसरं प्रकरण बिट तुटण्याचं. घाई केली, बिट एका दमात फार खोल उतरवलं, आणि ‘टण्’ असा आवाज आला. बिट अर्धं गायब. मी टेबलाखाली शोधलं, भुशात शोधलं. जेवायच्या सुट्टीत भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली डब्याची पिशवी काढली, तर पिशवीला बारीक भोक. पोळ्यांची अख्खी चवड भेदून तो तुकडा भाजीच्या डब्याला जाऊन टेकला होता. खिळ्याच्या बरोबर खाली मी रोज खुर्ची टाकून बसायचो. त्या दिवशी उभा होतो, कारण खुर्चीवर मांजर होतं. मांजराला मी त्या दिवशी सगळ्या पोळ्या घातल्या.

पण हे झाले आवाज करणारे धोके. आवाज झाला की माणूस दचकतो, लाल बटणाकडं धावतो, वाचतो. मी ज्याला खरा घाबरतो तो धोका आवाज करत नाही.

आमच्यासारख्यांच्या साध्या मशीनला डोळे नसतात. ते नुसती पावलं मोजत चालतं. समजा, तुमचे डोळे बांधलेत आणि सांगितलं, इतकी पावलं चाल की स्वयंपाकघर येईल. तुम्ही मोजत निघालात. मध्येच कुणी तुमचा सदरा धरून ठेवला. तुमचा पाय जागच्या जागी हलला, पण तुम्ही ते पाऊल मोजलं. आता तुमच्या हिशेबानं तुम्ही स्वयंपाकघरात आहात आणि प्रत्यक्षात भिंतीशी. मशीनचं तसंच. ते वाट चुकतं आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. पडद्यावर सगळे आकडे बरोबर दिसतात. चुकीच्या जागी ते तितक्याच डौलात, तितकंच सुबक भोक पाडतं.

आता दसऱ्याकडं येतो.

दसऱ्याला आमच्या वसाहतीत मशीनं नटतात. झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, पेढे. मशीनला दिवसभर सुट्टी. त्या वर्षी आमची ही, म्हणजे सौभाग्यवती, पूजेचं ताट घेऊन शेडवर आली होती. माझा सुतार पोपट मिस्त्रीही होता. हा नांदगावकडचा, हातानं सोनं आणि तोंडानं सुतळी बॉम्ब. खाचा-भोकं पाडलेल्या फळ्या मी त्याच्या हवाली करतो, तो त्या जोडून वस्तू उभी करतो.

नारळ फोडायची वेळ आली. ही म्हणाली, “बाहेर उंबऱ्यावर फोडा.”

मी म्हणालो, “पूजा मशीनची आहे, उंबऱ्याची नाही.” आणि मोठ्या ऐटीत नारळ मशीनच्याच लोखंडी कडेवर आपटला. एका घावात दोन शकलं. पाणी टेबलावर, करवंटीच्या कपच्या चहूकडं. पोपटनं टाळ्या वाजवल्या. हिनं कपाळाला हात लावला. मी फडक्यानं टेबल पुसलं, दिसल्या तेवढ्या कपच्या उचलल्या आणि प्रसाद खाल्ला.

न दिसलेली एक कपची राहिली. पूल ज्याच्या जोरावर पुढं-मागं जातो ते छोटं दातेरी चक्र टेबलाच्या कडेला असतं. त्याच्या दोन दात्यांमध्ये ती जाऊन बसली. नखाएवढी. वर वंगण होतं, तिनं ते पांघरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तर मधूनमधून ‘टिक्’ असा आवाज. मी पोपटला म्हणालो, “बघ, पूजेनंतर मशीन कसं खूश आहे. ताल धरतंय.”

त्या तालावर आम्ही पहिलं काम केलं ते पाळण्याचं.

पाळणा निफाडच्या नानांचा होता. नाना द्राक्षबागायतदार. लेक रोहिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नात झालेली, चांगली पालथी पडू लागलेली. आता मायलेकींची सासरी पाठवणी होती, आणि सोबत माहेरचा पाळणा द्यायचा होता. नानांनी स्वतः सागवान निवडून आणलं. म्हणाले, “शेट, हातचं नको, मशीनचं पाहिजे. दांड्यांमधलं अंतर कसं, शिस्तीत आलं पाहिजे. जावयाच्या घरी जायचंय.”

अशा पाळण्याला चारी बाजूंनी कठडा असतो. लांबीच्या बाजूला वर एक पट्टी, खाली एक पट्टी आणि दोन्हींच्या मध्ये उभ्या गोल दांड्या. दांड्या बसवायला पट्ट्यांना ओळीनं भोकं. खालच्या पट्टीच्या आतल्या अंगाला लांब खाच, तिच्यात तळाची फळी सरकते. दोन दांड्यांमधली फट किती ठेवायची याला नियम एकच. बाळाचं अंग त्यातून जाता कामा नये. हे मला ठाऊक होतं. मी अंतर नीट काढलं, दोनदा तपासलं, कॉम्प्युटरला दिलं, पट्ट्या शेजारी शेजारी आवळल्या आणि हिरवं बटण दाबलं. टिक्. टिक्. टिक्.

पाळणा देखणा झाला. पोपटनं घासून, पॉलिश करून दिला. नाना टेम्पोतून घेऊन गेले, जाताना माझी पाठ थोपटली. मी त्या पाळण्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. साडूला सुद्धा.

मग आलं एका औषधांच्या दुकानाचं काम. उंच रॅक, बाजूच्या फळ्यांवर भोकांच्या लांबलचक रांगा. पोपटनं रॅक उभं केलं, खालची आडवी फळी टाकली. ठीक. वरची टाकली आणि म्हणाला, “शेट, दुकानदाराचं दुकान उताराला हाय का?”

फळी तिरकी होती. डाव्या फळीवरची भोकं आणि उजवीवरची भोकं खाली जुळत होती, वर जाता जाता फारकत घेत होती. मी मोजपट्टी लावली. दोन भोकांमधलं अंतर पाहिजे त्यापेक्षा तीळभर कमी. पुढचं पुन्हा तीळभर कमी. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, पण प्रत्येक घरात थोडी थोडी चोरी होती, आणि रांग संपेपर्यंत चोरीचा ढीग झाला होता, एका फळीवर लहान, दुसरीवर मोठा.

आम्ही मशीन खोललं. टॉर्च मारला. पोपटनं दातेरी चक्रावरचं वंगण खरवडलं आणि पटाशीच्या टोकावर ती कपची माझ्यापुढं धरली.

“प्रसाद घ्या,” तो म्हणाला.

चक्राची फेरी तिथं आली की ती कपची अडायची, मोटर क्षणभर दचकायची, ‘टिक्’ वाजायचं आणि एक चिमूटभर अंतर मोजलं जायचं पण चाललं जायचं नाही. डोळे बांधलेल्या माणसाचा सदरा कोण धरत होतं ते सापडलं. मी इतका खूश झालो की हसायला लागलो. पोपटही हसला. आणि मग दोघांचंही हसू एकदमच थांबलं.

“शेट,” तो म्हणाला, “पाळणा.”

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. पाळण्याच्या पट्टीची लांबी ठरलेली होती. मोजणी एका टोकापासून सुरू झालेली. मधलं प्रत्येक अंतर तीळभर कमी पडलं असेल, तर उरलेलं सगळं अंतर जाणार कुठं? शेवटची दांडी आणि कोपऱ्याचा खांब यांच्यामध्ये. शेवटच्या फटीत.

“पोपट, तू जोडलास. कोपऱ्याची फट कशी होती?”

तो पटाशी पुसत राहिला. “जरा मोठी होती.”

“मग बोलला का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्हीच ठेवली. मच्छरदाणीची गाठ मारायला.”

“जरा मोठी म्हणजे किती?”

त्यानं चार बोटं दाखवली. मग चारांना अंगठा जोडला. मग अंगठा परत मिटला. “ध्यानात नाय. शेट, हातचं काम असतं तर मी दोन्ही टोकांकून मोजत मधी आलो असतो. मशीनचं म्हटल्यावर काय मोजायचं?”

माझ्या शेडच्या पाटीवर मीच रंगवून घेतलंय, ‘अचूक काम’.

नानांना फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा. पुन्हा. दसऱ्यानंतरचे दिवस म्हणजे बागेच्या छाटणीचे. छाटणी, मागोमाग काडीला औषध लावणं, फवारणीच्या ब्लोअरचा आवाज. फोन झाडाला टांगलेल्या पिशवीत. घरच्या दुसऱ्या कुणाचा नंबर माझ्याकडं नव्हता. मेसेज लिहिला, ‘पाळणा वापरू नका.’ वाचला आणि मीच हबकलो. असला मेसेज वाचून बागेतल्या माणसाचं काय होईल? खोडला. ‘पाळण्याचं थोडं काम राहिलंय’ असं लिहिलं. छे, याला कोण किंमत देणार? पुन्हा पहिलाच लिहिला आणि पाठवला. एकच टिक उमटली. दुसरी उमटेना.

टेम्पो काढला. पोपट शेजारी बसला.

द्वारकेच्या चौकात नेहमीप्रमाणे सगळं नाशिक एकमेकांत अडकलेलं. मनात एकच चित्र, आणि ते पुसलं की पुन्हा तेच. पालथं पडू लागलेलं पोर झोपेत वळवळतं, कडेला सरकतं. पाय फटीतून बाहेर जातात. मग कंबर. मग पोट. डोकं जात नाही.

“एवढा इचार करू नका,” पोपट म्हणाला. “पोरं झोपून झोपून किती झोपतात?”

“गप बस.”

“आणि कदाचित पाळण्यात ठेवतच नसतील. आमच्याकडं पाळणा शोभेला. पोर झोळीत.”

“पोपट, गप बस म्हटलं ना.”

तो गप बसला. ते जास्त वाईट होतं. तो गप बसलेला मी त्याआधी पाहिलाच नव्हता. नांदूर नाका गेला, चांदोरी गेली, आणि तो खिडकीबाहेर बघत नुसता गुडघा हलवत होता.

नानांचं घर बागेच्या कडेला. ओट्यावर त्यांच्या पत्नी, सगळे त्यांना माई म्हणतात, मेथी निवडत बसल्या होत्या. मेथी! जिच्या घरात काही वाईट झालंय ती बाई मेथी निवडत बसत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मग वाटलं, अजून कुणी आत जाऊन बघितलंच नसेल तर?

“या या शेट! अचानक? पाळणा लय सुरेख झाला बरं का. सगळं गाव बघून गेलं.”

“बाळ कुठंय?”

“असंल की आत. बसा, पाणी देते.”

मी बसलो नाही. चपला घालूनच आत गेलो. दिवाणखान्यात पाळणा होता. वरून मच्छरदाणी सोडलेली, तिच्यावर रंगीत कापडी चिमण्या. आणि पाळणा अगदी हळू हलत होता. आत काही दिसत नव्हतं. कोपऱ्याशी मच्छरदाणी फटीतून बाहेर फुगली होती. पोपट माझ्या मागं उभा. मी मच्छरदाणीला हात घातला, पण उचलवेना. हिरवं बटण दाबताना बोट असं कधी जड झालं नव्हतं.

शेवटी पोपटनं उचलली.

आत दुपटं, छोटी उशी आणि कडेला लावायचा गुबगुबीत लोड. बाळ नव्हतं.

“काका, तुम्ही?” आतल्या खोलीतून रोहिणी आली. खांद्यावर नुकतंच न्हाऊ घातलेलं, धुरी दिलेलं, ओव्याच्या वासाचं ते बाळ. जिवंत, लालबुंद, रागावलेलं. मी भिंतीला टेकलो. माईंना वाटलं, उन्हातून आलोय. त्यांनी पंखा लावला, गूळ दिला. मघाशी वाऱ्यानं हलणारा पाळणा पंख्यानं जरा जोरात हलायला लागला.

रोहिणी हसत म्हणाली, “काका, बरं झालं आलात. तुम्हाला गंमत दाखवायची होती.” तिनं फोन पुढं केला. सकाळचाच फोटो. कठड्याच्या शेवटच्या फटीतून मांडीपर्यंत बाहेर आलेला एक गोबरा पाय, पायात काळा मणी. पलीकडं दांड्यांमागं झोपलेला चेहरा.

“आई म्हणते, आत्तापासूनच सासरी जायची घाई.”

दोघी हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. पोपटनं फोटो बघितला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला.

आता खरं सांगायचं. इथं माझी मुलखाची भित्री जीभ बघा. मी म्हणालो, “पॉलिशचा एक हात राहिलाय. पाळणा घेऊन जातो, लगेच आणून देतो.”

“अहो, छान आहे पॉलिश,” रोहिणी म्हणाली. “आणि आम्ही परवा निघतोय.”

माई मात्र एकदम गंभीर झाल्या. “घेऊन जातो म्हणजे? रिकामा पाळणा घराबाहेर काढायचा? शेट, लेकुरवाळं घर आहे. आम्ही रिकाम्या पाळण्याला झोका सुद्धा देत नाही. काय असंल ते इथंच करा.”

“इथं होणार नाही, माई. पट्ट्या नव्या करायला लागतील.”

“पॉलिशला पट्ट्या कशाला नव्या?”

मी अडकलो. तेवढ्यात नाना आले. बागेतून तसेच, औषधानं हात निळे झालेले, हातात फोन. माझा मेसेज आत्ता पाहिला होता. “वापरू नका म्हणजे काय हो शेट? झालं काय?”

मी तोंड उघडलं. कपची, दातेरी चक्र, चुकलेली पावलं, असलं काहीतरी बोलायला लागलो. ते सगळे माझ्याकडं बघत होते, मला एक वाक्य धड जुळवता येत नव्हतं, आणि माईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं की या माणसाला ऊन लागलंय.

तेव्हा मी पाळण्यातला लोड उचलला. बाळाच्या अंगाएवढाच होता. मधल्या फटीत घालून ढकलला. गेला नाही. पुढच्या फटीत ढकलला. गेला नाही. शेवटच्या फटीशी धरला आणि नुसतं बोट लावलं. तो सुळकन पलीकडं जाऊन फरशीवर पडला.

सगळे फरशीवरच्या लोडाकडं बघत राहिले. अजून कळलं नव्हतं.

टेबलावर रोहिणीच्या ओटीचं सामान मांडलेलं होतं. खण, तांदूळ, नारळ. दुसऱ्याच्या लेकीच्या ओटीच्या नारळाला हात लावू नये एवढं मलाही कळतं. पण मी तो उचलला, त्याच फटीत धरला आणि आतून बाहेर ढकलला. तो गेला नाही. अर्ध्यात रुतून बसला. शेंडी आत आणि नारळ दांडी-खांबाच्या मध्ये गच्च.

खाली फरशीवर लोड, वर फटीत नारळ.

मला पुढं काही सांगावं लागलं नाही. रोहिणीनं बाळाला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. नाना नारळ काढायला गेले, त्यांच्या निळ्या हातांना तो सुटेना. फिरवून, आडवा करून काढावा लागला. रोहिणीनं तो सकाळचा फोटो पुन्हा उघडला आणि बघत राहिली. माई खाली बसल्या. शिव्या देतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या एवढंच म्हणाल्या, “न्या.”

मी पाळण्याला हात घातला.

“थांबा. रिकामा नाही.” त्यांनी तोच नारळ नानांच्या हातून घेतला, दुपट्यात गुंडाळला आणि पाळण्यात उशीवर ठेवला. “आता न्या.”

परतीच्या वाटेवर मी टेम्पो बैलगाडीच्या चालीनं चालवला. पोपट मागं बसून पाळणा धरून होता. सिग्नलला थांबलो तर शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी वाकून पाळण्यात डोकावलं आणि आत दुपट्यातला नारळ बघून घाईघाईनं दुसरीकडं मान वळवली.

शेडवर येऊन आम्ही दातेरी चक्र रॉकेलनं धुतलं, दात घासायच्या ब्रशनं प्रत्येक दाता घासला. नव्या पट्ट्या आवळल्या. आणि माझं बोट हिरव्या बटणाजवळ जाऊन थांबलं.

“पोपट, आज तू दाब.”

“मी नाय बा. नारळ तुम्ही फोडला, बटण तुमच्याच बोटानं दाबा.”

दाबलं. मशीन चाललं. टिक् वाजलं नाही. तरी वाजल्याचा मला सारखा भास होत होता. भोकं झाल्यावर पोपट एका टोकाकडून मोजत निघाला आणि मी दुसऱ्या. मध्ये आमच्या मोजपट्ट्या भेटल्या तेव्हा दोघांचा आकडा एक होता. आम्ही जागा बदलून पुन्हा मोजलं. पाळणा पुन्हा जोडला, आणि पाठवणीच्या आदल्या दिवशी निफाडला नेला, नारळासकट.

सगळं घर जमलं होतं. माईंनी लोड घेतला आणि पहिल्या फटीपासून सुरुवात केली. एकेका फटीत लोड लावायच्या, दोन्ही हातांनी ढकलायच्या. मग पुढची. कुणी हसत नव्हतं. शेवटच्या फटीशी त्या आल्या, पदर खोचला आणि अंगातल्या सगळ्या ताकदीनं लोड ढकलला. गेला नाही. पाळण्याला वळसा घालून पलीकडची बाजू तपासली. मग दुपटं सोडलं, नारळ काढून माझ्या हातात दिला.

“हा आता ओटीत चालायचा नाही. तुम्ही ठेवा. आणि मशीनवर फोडू नका.”

“नाही, माई.”

मला वाटलं सुटलो. नारळ पोपटकडं देऊन मी चपला शोधायला लागलो. तेवढ्यात त्यांनी रोहिणीच्या खांद्यावरून बाळ घेतलं आणि माझ्यासमोर धरलं.

“तुम्ही ठेवा तिला आत.”

“मी?”

“पाळणा कुणी केला?”

मी ते बाळ घेतलं. माझ्या हातात फळ्या असतात, बिट असतात, चहाचा ग्लास असतो. हे त्यातलं काहीच नव्हतं. गरम होतं आणि हलत होतं. मी वाकलो, उशीवर तिचं डोकं टेकवलं, मग पाठ टेकवली. तिनं पाय उचलून कोपऱ्याच्या दांडीवर मारला. दांडी हलली नाही. पण माझे हात तिच्या पाठीखालून निघेनात. सगळे बघत होते, मी तसाच वाकलेला, कंबर दुखायला लागलेली, डोळे शेवटच्या फटीवर.

“शेट,” पोपट मागून हळूच म्हणाला, “तिथं लाल बटण नाय. सोडा आता.”

मी डोळे मिटले आणि हात काढून घेतले.